विश्वास : दुसऱ्याने दिलेली ठेव

"विश्वास ? तो तर पानिपतावरच गेला !" हे वाक्य ज्याच्या कानांवर कधी पडले नाही असा मराठी माणूस विरळा. दुकानदाराजवळ उधारी मागावी, मित्राजवळ सायकल मागावी, किंवा 'आजचा दिवस थांबा, उद्या नक्की देतो' असे कोणास सांगावे, की समोरचा मनुष्य हसून हे वाक्य टाकतो आणि आपणही हसतो. १४ जानेवारी १७६१ रोजी नानासाहेब पेशव्यांचे ज्येष्ठ पुत्र विश्वासराव पानिपतच्या रणांगणावर पडले. त्यांनी तेव्हा विशीही ओलांडलेली नव्हती. त्या लढाईस अडीचशेहून अधिक वर्षे लोटली, अनेक घराण्यांचा तो शोकही विरून गेला. परंतु विश्वासरावांच्या नावावरील ती कोटी मात्र अद्याप आपल्या जिभेवर आहे.

ह्या कोटीशी आमचे भांडण नाही. आमचे भांडण आहे ते तिच्या आडून बोलल्या जाणाऱ्या मताशी. 'आजकाल कोणावर विश्वास ठेवण्याचे दिवस राहिले नाहीत' असे जो तो म्हणतो. आणि असे म्हणणारा गृहस्थच गावास जाताना घराची किल्ली शेजारच्या काकूंकडे देऊन जातो, लहान मुलास रिक्षावाल्या मामांच्या हाती सोपवून शाळेत पाठवतो, आणि आजारी पडला असता मित्राने आणून दिलेली औषधाची गोळी न तपासता गिळतो. विश्वासावाचून मनुष्याचा एक दिवसही सरत नाही. तेव्हा प्रश्न विश्वास आहे की नाही हा नसून, जो आहे तो कसा जोडावा आणि कसा सांभाळावा हा आहे. ह्या प्रश्नाविषयी आमचे एक ठाम मत आहे, आणि ते आमच्या विद्यार्थ्यांपुढे व त्यांच्या पालकांपुढे मांडावे म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम आपल्या भाषेचीच साक्ष काढू. मराठीत विश्वास 'ठेवतात'. जसे पैसे पेढीवर ठेवावेत, दागिने तिजोरीत ठेवावेत, तसा. विश्वास 'बसतो'. गढूळ पाण्यातील गाळ जसा हळूहळू तळाशी बसतो, त्याप्रमाणे त्यास वेळ लागतो. आणि तो 'उडतो' मात्र एका क्षणात, फांदीवरच्या पाखरासारखा. ज्यांनी ही क्रियापदे रूढ केली त्या आपल्या अनामिक पूर्वजांनी ह्या विषयाचा बराच अनुभव घेतला असला पाहिजे. त्यांतील पहिले क्रियापद आम्हांस सर्वांत महत्त्वाचे वाटते. जी वस्तू 'ठेवली' जाते ती ठेव होय. आणि ठेव ज्याच्याकडे ठेवली त्याची नसते, ज्याने ठेवली त्याचीच असते. आमचे मत एका वाक्यात सांगावयाचे तर ते इतकेच, की दुसऱ्याने आपल्यावर टाकलेला विश्वास ही आपली मिळकत नसून त्याची ठेव आहे. ती आपण खर्च करू शकत नाही; अगदी चांगल्या कामासाठीसुद्धा नाही.

हे पुस्तकी तत्त्वज्ञान वाटल्यास आपल्या आईस भिशीविषयी विचारा. आपल्याकडे गल्लोगल्ली भिश्या चालतात. समजा, बारा बायकांनी मिळून दरमहा पाचशे रुपयांची भिशी धरली. दर महिन्यास ६,००० रुपये जमतात, चिठ्ठी काढली जाते, आणि जिचे नाव निघेल तिला ती सर्व रक्कम मिळते. एकदा नाव निघालेल्या बाईची चिठ्ठी पुन्हा टाकीत नाहीत. आता हिशेब पाहा. पहिल्याच महिन्यात जिचे नाव निघाले तिने भरले ५०० आणि उचलले ६,०००; म्हणजे तिच्या हाती इतरांचे ५,५०० रुपये आले. उलट जिची चिठ्ठी शेवटी निघते तिने अकरा महिने मिळून ५,५०० रुपये भरलेले असतात आणि तोपर्यंत तिच्या हाती एक पैही आलेली नसते. ह्या व्यवहारास बहुधा कागद नसतो, साक्षीदार नसतो, तारण तर नसतेच. असते ती एक साधी वही आणि बारा जणींचा शब्द.

ह्यात ध्यानात घेण्यासारखी गोष्ट अशी की, पहिल्या चिठ्ठीच्या बाईची खरी परीक्षा तिला पैसे मिळाल्यानंतर सुरू होते. पैसे मिळेपर्यंत कोणीही हप्ता वेळेवर भरील. तिला आता काही मिळावयाचे उरलेले नाही, केवळ द्यावयाचे उरले आहे. असे असता ती पुढील अकरा महिने ठरल्या तारखेस हप्ता घेऊन येते, तेव्हा तिचे नाव होते. पुढच्या वर्षी भिशी धरताना तिला कोणी विचारावे लागत नाही. आणि एखादीने दोन महिने टाळाटाळ केली तर तिच्याशी कोणी भांडत नाही. केवळ पुढच्या वर्षी तिला बोलावणे जात नाही. नात्यांतील विश्वासाची रीतही हीच आहे. आपले काम होईपर्यंतचा गोडवा कोणीही दाखवील. काम झाल्यावर, गरज सरल्यावर, कोणी पाहत नसताना मनुष्य कसा वागतो ह्यावर विश्वास बसतो. शिवाय तो एका मोठ्या त्यागाने बसत नाही. अकरा लहान हप्त्यांनी बसतो.

आता आमच्या विद्यार्थ्यांच्या जगाकडे वळू. तुमच्याजवळ भिशीचे पैसे नसतात हे खरे. तुमच्याजवळ ठेव येते ती निराळ्या नाण्यात. मित्र आपली वही देतो, मैत्रीण कवितांची डायरी वाचावयास देते, कोणी आपल्या घरची अडचण सांगतो, कोणी परीक्षेत नापास होण्याची भीती बोलून दाखवतो. सांगताना तो म्हणतो, "कुणाला सांगू नकोस हं." हे चार शब्द म्हणजे ठेवीची पावती होय. ती गोष्ट ऐकल्यामुळे तुमची होत नाही. ती त्याचीच राहते. तथापि आमचा अनुभव असा की, गुपित ऐकल्यावर मनुष्यास आपण कोणीतरी मोठे झालो असे वाटू लागते, आणि तो मोठेपणा दाखविण्याचा मार्ग एकच असतो. तो म्हणजे ते गुपित दुसऱ्यास सांगणे. मग तोही सांगताना म्हणतो, "कुणाला सांगू नकोस हं." जी अट आपण मोडली तीच अट आपण दुसऱ्यास घालतो, ह्यातील विसंगती त्या क्षणी आपणांस दिसत नाही.

पूर्वी अशी गोष्ट एका कानातून दुसऱ्या कानात जावयास दोन-चार दिवस लागत. आता मोबाइल आला. मित्राने रात्री एकट्यास लिहिलेला मजकूर जसाच्या तसा छायाचित्र करून वर्गाच्या समूहावर टाकण्यास बोटाचा एक स्पर्श पुरतो, आणि चाळीस जण तो एकाच वेळी वाचतात. तोंडी चहाडी निदान नाकारता तरी येत असे. 'मी असे म्हणालोच नव्हतो' एवढे म्हणण्याची सोय तरी त्या बिचाऱ्यास होती. आता त्याचे स्वतःचेच शब्द त्याच्याविरुद्ध साक्ष देतात. चाळीस जण हसतात ते दहा मिनिटे. ज्याची ठेव उधळली गेली तो मात्र पुढे वर्षानुवर्षे कोणाजवळ मन मोकळे करताना अडखळतो. हा व्यवहार किती महागाचा आहे ह्याचा विचार बोट उचलण्यापूर्वी व्हावयास हवा.

विद्यार्थ्यांस उपदेश करणे सोपे असते, म्हणून येथे आमच्या स्वतःच्या हातून घडलेली एक चूक सांगणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. पुष्कळ वर्षांपूर्वीची गोष्ट. वर्गातील एक हुशार मुलगा सहलीचे पैसे भरण्यास टाळाटाळ करीत होता. आम्ही त्यास एकटे गाठून कारण विचारले. बराच वेळ तो बोलेना. शेवटी त्याने सांगितले की, वडिलांचे दोन्ही माग तीन महिन्यांपासून बंद आहेत, सुताचे देणे थकले आहे, आणि घरी सहलीचा विषय काढण्याची त्याची इच्छा नाही. एवढे सांगून तो म्हणाला, "सर, कुणाला सांगू नका."

आम्ही मान डोलावली. आणि त्याच दिवशी दुपारच्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत चहा घेताना ती गोष्ट सहकाऱ्यांस सांगितली. आमचा हेतू वाईट नव्हता. चार जणांनी मिळून मुलाचे पैसे भरावेत, एवढेच आमच्या मनात होते. परंतु खोलीतील गोष्ट खोलीत राहिली नाही. ती कोणाच्या तोंडून बाहेर गेली ह्याचा शोध आम्ही केला नाही, कारण पहिले तोंड आमचेच होते. दुसऱ्या दिवशी वर्गातील मुलांनी आपसांत वर्गणी काढली आणि सर्वांसमक्ष त्याच्या बाकावर ठेवली. मुलांचे मन खरोखरच चांगले होते. पण त्या मुलाने बाकावरच्या त्या नोटांकडे पाहिले, मग आमच्याकडे पाहिले. त्या दृष्टीत राग असता तर आम्हांस सोसला असता. तो सहलीस आला नाही.

पुढे आठ दिवसांनी आम्ही त्याची क्षमा मागितली. तो म्हणाला, "असू द्या, सर." वर्ष संपले, तो उत्तम गुणांनी उत्तीर्ण झाला, आणि पुढे बाजारात कधी भेटला तर वाकून नमस्कारही करीत असे. परंतु त्या दिवसानंतर त्याने आम्हांस आपल्या मनातील एकही गोष्ट सांगितली नाही. नमस्कार मिळतो तो आमच्या पदास. मनातील गोष्ट मिळते ती विश्वासास. 'असू द्या' ह्या दोन शब्दांचा अर्थ 'क्षमा केली' असा नसून 'आता ह्या विषयात काही उरले नाही' असाही असू शकतो, हे आम्ही त्या दिवशी शिकलो. आमचा हेतू चांगला होता हे आम्ही वर सांगितलेच आहे. पण ठेव चांगल्या हेतूने खर्च केली म्हणून ती परत येत नाही. त्याला विचारून, त्याच्या संमतीने आम्हांस हवे ते करता आले असते. विचारण्यास पाच मिनिटे लागली असती.

तर मग प्रश्न असा उरतो की, ठेव बुडाल्यावर, चूक घडून गेल्यावर, पुढे काय करावे ? ह्यासाठी आम्ही आपल्याच मुलखातील एका थोर पुरुषाचे उदाहरण घेतो. बेळगावहून कोल्हापुरास जाताना निपाणी मागे पडली की कागल लागते. गोपाळ कृष्ण गोखले ह्यांचा जन्म १८६६ सालचा, रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूकचा. परंतु त्यांचे बालपण ह्या कागलात गेले. गोपाळराव लहान असतानाच वडील वारले. थोरले बंधू गोविंदराव ह्यांनी शिक्षण सोडून दरमहा १५ रुपयांची नोकरी पत्करली आणि त्यांतील ८ रुपये ते कोल्हापुरास शिकणाऱ्या धाकट्या भावास पाठवू लागले. म्हणजे निम्म्याहून अधिक पगार भावाकडे जाई आणि उरलेल्या ७ रुपयांत घर चाले.

त्यांच्या चरित्रांतून एक प्रसंग सांगितला जातो. एका मित्राने गोपाळास नाटक पाहावयास नेले. मित्र आपणांस आपल्या खर्चाने नेत आहे असा त्याचा समज होता. पण मागाहून मित्राने तिकिटाचे दोन आणे मागितले. गोपाळाने वाद घातला नाही, भावाकडे जादा पैसेही मागितले नाहीत. दोन आणे देऊन टाकले आणि ती तूट भरून काढण्यासाठी दिव्याचे तेल वाचवून तो रस्त्यावरच्या दिव्याखाली अभ्यास करू लागला. आमच्या मते ह्या गोष्टीतील सार गरिबीत अथवा कष्टात नाही. सार हिशेबात आहे. ते ८ रुपये हाती आले तरी आपले नव्हेत, ती भावाची ठेव आहे, हे त्या मुलास कोणी न सांगता समजले होते. गोविंदराव कागलात होते, कोल्हापुरात काय चालते हे पाहण्यास त्यांचा कोणी पहारेकरी नव्हता.

ह्याच गोखल्यांच्या आयुष्यात पुढे १८९७ साली एक कठीण प्रसंग आला. सरकारी खर्चाच्या चौकशीसाठी नेमलेल्या वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यास ते विलायतेस गेले होते. इकडे पुण्यात प्लेगचा कहर होता आणि घरे तपासण्यासाठी नेमलेल्या गोऱ्या सैनिकांच्या वर्तनाबद्दल लोकांत तीव्र संताप होता. पुण्याच्या मित्रांनी गोखल्यांस पत्रांतून हकिकती कळविल्या. त्यांवर विसंबून त्यांनी तेथील 'मँचेस्टर गार्डियन' पत्रात सैनिकांवर अत्यंत गंभीर आरोप केले. त्यावरून मोठी खळबळ उडाली आणि सरकारने पुरावा मागितला. गोखले परतले तेव्हा त्या विशिष्ट आरोपांस पुरावा देण्यास कोणी पुढे येईना. ज्यांनी पत्रे लिहिली त्यांची नावे उघड करावीत तर ते संकटात सापडले असते. कारण त्याच जून महिन्यात रँडसाहेबावर गोळी झाडली गेली होती आणि सरकार खवळलेले होते.

अशा वेळी मनुष्यास दोन सोप्या वाटा दिसतात. एक, 'मला असे असे कळविण्यात आले होते' म्हणून मित्रांची नावे पुढे करून मोकळे होणे. दुसरी, पुरावा नसतानाही आपलेच खरे म्हणून अडून बसणे. गोखल्यांनी दोन्ही वाटा नाकारल्या. ऑगस्ट १८९७ मध्ये त्यांनी बिनशर्त क्षमायाचना प्रसिद्ध केली, आणि पत्रे लिहिणाऱ्यांची नावे उघड केली नाहीत. सर्व दोष स्वतःच्या शिरावर घेतला. इंग्रजांनी त्यांस खोटे ठरविले आणि आपल्यांतील अनेकांनी भित्रे. त्या वर्षाअखेर अमरावतीस भरलेल्या राष्ट्रीय सभेत त्यांना मानाने कोणी पुढे केले नाही. लोकांच्या क्षोभास कारण नव्हते असे नाही; म्हणूनच ती क्षमायाचना अनेकांस झोंबली. गोखल्यांचे करणे योग्य की अयोग्य ह्यावर आजही मतभेद होऊ शकतो. परंतु मित्रांनी ठेवलेली ठेव त्यांनी स्वतःचे नाव पणास लावून सांभाळली ह्याविषयी मतभेद होण्याचे कारण नाही.

आणि पुढे काय झाले ? गोखल्यांनी आपली बाजू मांडीत फिरण्यात वेळ घालविला नाही. ते कामास लागले. १८९९ साली ते मुंबईच्या कायदेकौन्सिलात निवडून गेले, त्यानंतर वरिष्ठ कायदेकौन्सिलात गेले, आणि आकडे पुनःपुन्हा तपासून बोलणारा मनुष्य असा त्यांचा लौकिक झाला. १९०५ साली बनारस येथील राष्ट्रीय सभेचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. अमरावतीपासून बनारसपर्यंत आठ वर्षे लागली. विश्वास गमाविल्यावर तो परत मिळू शकतो काय, असे आम्हांस कोणी विचारले तर आम्ही म्हणू, मिळू शकतो. पण आठ दिवसांत नव्हे. चूक कबूल करताना 'पण', 'परंतु', 'माझा हेतू' असे शब्द मध्ये येऊ देऊ नयेत. दोष दुसऱ्यावर ढकलू नये. आणि मग भिशीतील त्या बाईप्रमाणे एकेक हप्ता ठरल्या तारखेस भरीत राहावे. समोरच्याने क्षमा केलीच पाहिजे असा हट्ट मात्र धरू नये. ठेव त्याची बुडाली आहे. पुन्हा कधी ठेवावयाची, की ठेवावयाचीच नाही, हे ठरविण्याचा हक्क त्याचाच आहे.

ह्या ठिकाणी एक सावधगिरीची सूचना देणे आवश्यक आहे. प्रत्येक गुपित पोटात ठेवावयाचे नसते. तुमची मैत्रीण सांगते की, कोणी मोठा मनुष्य तिला त्रास देतो आणि धमकावतो, तुमचा मित्र सांगतो की, त्याला जगावेसे वाटत नाही, आणि दोघेही म्हणतात, "कुणाला सांगू नकोस." अशा वेळी गप्प बसणे म्हणजे विश्वास राखणे नव्हे. तुमच्याकडे ठेवलेली खरी ठेव त्यांचे शब्द नसून त्यांचा जीव आहे. तेव्हा त्यांस स्पष्ट सांगा की, 'ही गोष्ट मी एकट्याने पेलण्यासारखी नाही; आपण दोघे मिळून आईकडे, बाईंकडे, सरांकडे जाऊ.' ते न आले तर तुम्ही एकटे जा. ती मैत्री काही काळ तुटली तरी चालेल. गुपित कोणाच्या हितासाठी राखावयाचे आहे, सांगणाऱ्याच्या की त्याला छळणाऱ्याच्या, एवढा एक प्रश्न स्वतःस विचारला म्हणजे ह्या बाबतीत फसगत होत नाही.

आता दोन शब्द पालकांसाठी. मुलांचा मोबाइल पालकांनी पाहावा की नाही, हा आज घरोघरी वादाचा विषय झाला आहे. पूर्वी हाच वाद डायरीविषयी आणि टपालाने येणाऱ्या पत्रांविषयी होत असे. आमचे मत असे की, पाहण्याचा हक्क आणि चोरून पाहण्याचा हक्क ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत. मूल लहान आहे, बाहेरचे जग धोक्याचे आहे, म्हणून 'आठवड्यातून एकदा तुझा मोबाइल आपण दोघे मिळून पाहू' असे त्यास तोंडावर सांगणाऱ्या आईवर मूल रुसेल, पण तिच्यावरील त्याचा विश्वास उडणार नाही. उलट मूल झोपल्यावर उशीखालून मोबाइल काढून पाहणाऱ्या बाबांस दुसऱ्या दिवशी काही सापडो वा न सापडो, ज्या दिवशी मुलास ते कळेल त्या दिवसापासून ते सांगण्यापेक्षा लपविण्यात अधिक तरबेज होईल. पहारा ठेवल्याने मूल पहाऱ्यात राहते, विश्वासात येत नाही.

त्याचप्रमाणे मुलांस दिलेला शब्द लहान समजू नये. 'रविवारी किल्ल्यावर नेईन' असे सांगून रविवारी झोपणाऱ्या वडिलांस त्यात काही मोठे घडले असे वाटत नाही. परंतु मुलाच्या लेखी तो भिशीचा चुकलेला हप्ता असतो. रविवारी खरोखरच काम निघाले तर शनिवारीच तसे सांगावे. मुलाने विचारण्यापूर्वी आपण होऊन सांगणे ह्यात सगळा फरक आहे. आणि मुलाने एखादी चूक आपण होऊन सांगितली, कप फुटला, गुण कमी पडले, पैसे हरवले, तर त्या क्षणी त्याच्यावर ओरडण्यापूर्वी क्षणभर थांबावे. ते मूल तुमच्याकडे एक ठेव घेऊन आले आहे. तिचा स्वीकार रागाने झाला तर पुढची ठेव ते दुसरीकडे ठेवील, आणि ती जागा तुमच्या माहितीची असेलच असे नाही.

विद्यार्थिमित्रहो, ह्या वर्षी तुमच्यापैकी अनेक जण शाळा सोडून जातील. कोणी पुण्यास जाईल, कोणी बंगळुरास, कोणी आणखी दूर. तेथे तुम्हांस कोणी ओळखणार नाही. तुमच्या आईवडिलांचे नाव, आपल्या गल्लीतील तुमच्या घराची पत ह्यांपैकी काहीही तेथे उपयोगी पडणार नाही. विश्वासाची वही पुन्हा पहिल्या पानापासून लिहावी लागेल. त्या वेळी मोठ्या प्रसंगाची वाट पाहत बसू नका. उसने घेतलेले पुस्तक न मागता परत करा. येतो म्हणून सांगितलेल्या वेळेस जा. जमत नसेल तर आधी कळवा. आणि कोणी मनातील दुःख सांगितले तर ते ऐकून घ्या व तेथेच ठेवा. एवढे केलेत तर एक दिवस कोणीतरी आपल्या घराची किल्ली निःशंकपणे तुमच्या हाती देऊन गावास जाईल.

आणि त्या दिवशी कोणी हसून म्हणालाच की विश्वास पानिपतावर गेला, तर तुम्हीही हसा. वाद घालू नका. फक्त तो गावाहून परत येईल तेव्हा किल्ली त्याच्या हाती द्या.